अंगठ्याखालचा भाव

विद्याताई शेअरचा भाव आधी कधी बघत नसत. मी मोबाइल पुढे केला की त्या भावाच्या आकड्यावर अंगठा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी मोल सांग. अख्खी कंपनी घ्यायची झाली तर तू काय देशील?" मी काय देणार, कपाळ! आठवडाभर ऑफिसात मरायचं, शनिवारी लेकीला नवऱ्यावर सोपवून सिंगापूरच्या दुसऱ्या भागातून, पुंगोलहून, ताईंकडे बेडोकला यायचं, आणि वर ही परीक्षा.

आम्ही दोघी एकाच ऑफिसात अकाउंट्सला. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांचे यजमान अरविंदराव समुद्रातल्या तेलविहिरींसाठी जहाजं बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तरुणपणी सिंगापूरला आले ते त्याच कंपनीला चिकटले. बोनस मिळाला की तिचेच शेअर घ्यायचे. पुण्याला परतून घर घ्यायचं, ते याच शेअर्सच्या जिवावर.

शिकवणी त्यांच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या स्टॉलच्या गजबजाटात, चालायची. एकदा मी मोठ्या तोऱ्यात एक शेअर दाखवला. भाव वर्षाच्या नफ्याच्या जेमतेम पाचपट, म्हणजे पाच वर्षांत पैसे वसूल! ताईंनी समोरच्या कॉफीच्या स्टॉलकडे मान वळवली. "शेजारी बिल्डिंगचं काम चाललंय म्हणून ही गर्दी. यंदाचा नफा बघून तू स्टॉल घेशील, आणि काम संपलं की बसशील माश्या मारत." उतरलेल्या भावाला स्वस्त म्हटलेलं तर त्यांना अजिबात खपत नसे.

पुढे तेलाचे भाव कोसळले आणि अरविंदरावांच्या कंपनीचा शेअर निम्म्यावर आला. तरी मी शहाणी विचारतेच, आता घेऊ का? ताईंचा चेहरा त्या दिवशी पार ओढलेला होता. स्वतः काही न सांगता त्यांनी मलाच हिशेब करायला लावला. नवी ऑर्डर नाही. अर्धवट जहाजं पडून, गिऱ्हाईक न्यायला तयार नाही. डोक्यावर कर्ज. सगळं विकून कर्ज फेडलं तर शेअरवाल्याच्या हाती काय राहतं, ते मी मांडलं.

"ताई, काहीच उरत नाही हो."

"माझंही तेच येतंय," त्या म्हणाल्या. "आज सांगते त्यांना."

शेअर काही विकले गेले नाहीत. वर्षभरात त्यांची खरेदी-विक्रीच बंद झाली, मग कंपनी बुडाली आणि नोकरीही गेली. दोघं पुण्याला परतली, भाड्याच्या दोन खोल्यांत.

दिवाळीत मी भेटायला गेले तर घरी पाहुणे बसलेले. अरविंदराव त्यांना रंगवून सांगत होते, "आमच्या मॅडम जगाला शेअर शिकवणार, आणि मला म्हणाल्या, ठेवा, विकू नका!" सगळे हसले. चिवड्याच्या बश्या देता देता ताईही हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, तुम्ही खरंच ठेवा म्हणालात?

"आधी विकाच म्हटलं होतं," चहाचं आधण ठेवत त्या म्हणाल्या. "सगळा हिशेब मांडून दाखवला. तर म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं मी कशासाठी राबलो? आणि भरल्या ताटावरून उठले. नंतर बोलेनात, जेवेनात. शेवटी मीच म्हटलं, माझं चुकलं असेल, राहू देत."

"मग आता तरी खरं सांगा ना. चारचौघांत तुम्हाला हसतात."

ताईंनी गॅस बारीक केला. खूप थकल्या होत्या त्या.

"हसू देत गं. माझ्यावर ढकलतात म्हणून दोन घास जातायत त्यांना. स्वतःवर घेतलं तर जगायचे नाहीत."

बाहेरून अरविंदरावांनी चहाची आठवण केली. "आणते," म्हणत ताईंनी कप मांडायला घेतले.