न वाचता विकलेली गाय

माझी नणंद जपानी शिकली ती एका गाईपायी. गाय गेममधली होती, पण तिच्यासाठी आमच्या बेंबळीच्या घरात एका दुपारी कुणाला जेवण गेलं नाही.

माझ्या नवऱ्यानं पुण्याहून हातात धरून खेळायचा एक जुना गेम आणला होता. त्यात शेत, विहीर, गोठा, बाजार सगळं होतं, फक्त अक्षरं जपानी. नणंदेनं पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केलेला. म्हशींच्या धारा काढून झाल्या की ती हाच गेम घेऊन बसायची आणि शेजारी माझे सासरे. जन्मभर खरी शेती केलेला माणूस, पण खेळातल्या शेतात तण दिसलं तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. घरच्या वावरातलं तण संपलं वाटतं, असं मी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची.

वाचता येत नसल्यामुळं नणंद प्रत्येक प्रश्नाला वरचं उत्तर दाबायची. वरचं म्हणजे ‘हो’, एवढं तिनं ताडलं होतं. एक दिवस खेळातला व्यापारी दारात आला, काहीतरी बोलला, हिनं ‘हो’ दाबलं आणि तो गाय सोडून घेऊन गेला. ती परत मिळायची काही सोय नव्हती. पोरगी रडकुंडीला आली. सासरे एवढंच म्हणाले, "वाचल्याबिगर अंगठा लावतेत व्हय, माय?"

हे तिला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून परातीतल्या ज्वारीच्या पिठावर ती बोटानं जपानी अक्षरं गिरवू लागली. पडद्यावरचा एकेक शब्द मोबाईलमध्ये शोधायची आणि अर्थ लागेपर्यंत बटणाला हात लावायची नाही. म्हशीशीसुद्धा जपानीत बोलायची. म्हैस वळून बघायची, मग मी काय बोलणार? चिवटपणा असावा तर असा. मला तिचं लई कौतुक वाटायचं, पण नणंदेला ते तोंडावर कोण सांगतं!

पुढं जपानमधल्या एका गाईंच्या गोठ्यावर माणसं हवी आहेत असं कळलं. निवड झाली तर जपान, नाही तर लातूरकडचं स्थळ बघायचं, असं बापलेकीत ठरलं.

मुलाखत मोबाईलवर होती. रेंज गच्चीवरच, म्हणून ती तिथं बसली. सासरे आणि मी तिच्यासमोर, पण कॅमेऱ्यात दिसणार नाही असे. ती एका बाईंच्या प्रश्नांना धडाधड उत्तरं देत होती. मग एका माणसानं लांबलचक काहीतरी विचारलं आणि ती थांबली. आम्ही दोघं माना हलवून ‘हो म्हण, हो म्हण’ सुचवत होतो. तिनं आमच्याकडं पाहिलंही नाही. वाकून त्याला पुन्हा विचारायला लावलं, ऐकून घेतलं आणि हसून ‘नाही’ म्हणाली. तेवढं जपानी आता मलाही कळत होतं.

फोन बंद झाल्यावर तिनं सांगितलं, गाईनं लाथ मारली तर काम सोडून गावी पळाल का, असं तो विचारत होता.

तिची निवड झाली. करार जपानीतच आला. मी पेढे आणून ठेवले, पण ती ओसरीवर बसून ओळ न् ओळ वाचत राहिली. सासरे शेजारीच, खेळाच्या वेळी बसायचे तसे. शेवटी तिनं मान वर केली.

"आबा, समदं वाचलं. करू का सही?"

सासऱ्यांनी गोठ्याकडं पाहिलं.

"अजून एकदा वाच, माय."

आणि तिनं पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं.