गयाबाईच्या आजीचा कागद

गयाबाई कचेरीत यायची ती स्वतःच्या पाण्यासकट. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता, आणि आमच्या नव्या कचेरीत कपाटं आधी आली, पाणी काही आलं नाही. पितळी तांब्या माझ्या टेबलावर आदळून ती म्हणायची, "कागदाला येवढी जागा केलाव, पान्याला न्हाई व्हय? प्या भाऊ, घसा वल्ला करा आन् मग शोधा." निम्मी कचेरी तिच्या तांब्यावर दुपार काढायची. साठीची, काटक बाई. रोजगार हमीच्या कामावर मुकादम होती. बाजाराच्या दिवशी काम बंद असे, त्या दिवशी ती हमखास हजर.

शोधायचा होता तिच्या आजीचा कागद. आजीचं नाव सोनाबाई. माहेर औशाजवळ, निजामाच्या राज्यात. दिली होती बार्शीकडे, इंग्रजी मुलखात. नवऱ्याच्या खुनात तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि अंदमानच्या बोटीत बसवलं. मागे दोन वर्षांची लेक राहिली, राधा. सोनाबाईच्या भावाने बहीण जिवंत असतानाच तिच्या नावाचा घट फोडला, तेरावाही घातला. त्या काळी असं करत. भाचीला मात्र त्याने पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ही राधा म्हणजे गयाबाईची आई, आता नव्वदीला टेकलेली.

"म्हातारी रोज इचारती," गयाबाई सांगायची, "मायनं माझी याद काढली आसंल का गं? मला दुसरं कायच नगं भाऊ. येवढं एक कळू द्या. मंग ती सुखानं जाईल."

मी नांदेडहून या कचेरीत आलो तोच मुळी उर्दूमुळे. माझी शाळा निजामाच्या अमलात उर्दूत झालेली. जुने कागद वाचणारा दुसरा कुणी उरला नव्हता, त्यामुळे साहेबलोकही मला जपून असत, आणि मीही जरा फुगलेलाच होतो. उस्मानाबादहून ट्रक भरभरून आलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मी सोडायचो आणि गयाबाई समोर फरशीवर बसून पदराने धूळ झटकायची. खुर्ची दिली तर म्हणायची, "नगं. खुर्चीत बसलं की मान्सं खोटं बोलतेत." आम्ही हसायचो.

सातव्या की आठव्या खेपेला कागद सापडला. शिक्षेची मुदत भरल्यावर सोनाबाईने गावी परतण्याची अर्जी केली होती. अर्जीत लेकीविषयी एक ओळ होती. इंग्रजांनी ती अर्जी निजामाच्या तहसिलीकडे पाठवून विचारलं होतं, हिला घरात घेणारं कुणी आहे का? तहसीलदाराने भावाला बोलावून जबाब घेतला. जबाब असा: माझी बहीण मरण पावली आहे, तिचा तेरावा झाला आहे, ही बाई कोण ते मला ठाऊक नाही. खाली अंगठा.

"लिवलंय का काई?" गयाबाईने विचारलं.

तिच्या घरात त्या मामाला देवाच्या जागी मानत. तिने आपल्या थोरल्या मुलाला त्याचंच नाव दिलं होतं. ज्याने मांडीवर खेळवलं त्यानेच आईला परत येऊ दिलं नाही, हे नव्वदीच्या म्हातारीला कशाला कळवायचं? आणि लेकीची ओळ सांगितली तर पुढचं सारं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "बोटीतच वारली. बाकी काही नाही यात." आपण दया केली असं मला वाटलं. खरं तर ते तिच्यासमोर वाचायची माझी छाती नव्हती.

ती रडली नाही. "नक्कल तरी द्या. आईच्या हातात द्याया कायतरी पायजे." मी शिक्का मारून नक्कल दिली. तिच्या गावात उर्दू कोण वाचणार होतं?

चार महिन्यांनी ती भरल्या कचेरीत आली आणि नक्कल माझ्यापुढे ठेवली. कामावरच्या एका बाईचे सासरे उर्दू शाळेत मास्तर होते. त्यांनी तिला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं होतं.

"साहेब," ती म्हणाली. भाऊ म्हणाली नाही. "मामानं केल्यालं आईला सोसलं आसतं. लई सोसल्याली बाई ती. आन् तिनं मामाचं कुटं इचारलं हुतं?"

"आई कशा आहेत?"

"गेली. पोळ्याच्या आदल्या दिशी. मायनं याद काढली न्हाई, आसं म्हनत म्हनत गेली."

मी माफी मागितली. माफीसारखा हलका शब्द मी आयुष्यात दुसरा उच्चारला नाही. तिने ती घेतली नाही, टाकलीही नाही. कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मास्तरांनी तिला जागा दाखवून ठेवली होती.

"हितं. मोठ्यानं वाचा. समद्यांला ऐकू जाऊ द्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो आणि वाचलं: "मी निघाले तेव्हा माझी मुलगी राधा दोन वर्षांची होती. ती हयात असेल तर मला गावी पाठवावं. नसेल तर मला इथेच राहू द्यावं."