दुपारी तापणारं मशीन

अश्विन रामटेके माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आम्ही दोघं रेल्वेच्या ऑफिसात. त्याचे वडील भंडाऱ्याहून फॅक्टरीच्या नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. अश्विन कामाला सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण विश्वास म्हणून कशावर ठेवणार नाही. चहावाल्यानं कप पुढे केला तरी आधी वास घेऊन बघेल.

कॉम्प्युटरचं त्याला वेड. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला त्यानंच सांगितलं. वेग वाढवला की मशीन तापतं. म्हणून त्यानं ओमतीतल्या अनुपमच्या दुकानातून पाण्यावर चालणारं कूलिंग बसवून घेतलं. प्रोसेसर थंड राहू लागला, पण त्याला वीज पुरवणारे मदरबोर्डवरचे बारके भाग तापू लागले. आधीच्या पंख्याची हवा त्यांनाही लागायची, ती आता बंद झाली होती. तेव्हा प्रत्येक भागाचं तापमान फोनवर दिसेल अशी सोय अश्विननं करून घेतली. घरी मशीन सुरू झालं की ऑफिसात त्याला आकडे दिसायचे.

मे महिन्यात एका दुपारी तो फोन हातात धरून तसाच बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मशीन चालू आहे."

"वहिनी बघत असतील काहीतरी."

"भावना त्याला हात लावत नाही. आणि व्हिडिओ बघून एवढं तापत नाही. कोणीतरी जड काम करून राहिलं."

घरी गेल्यावर त्यानं बायकोला सहज विचारल्यासारखं केलं, "आज दुपारी काय केलं?" "झोपली होती," ती म्हणाली. हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज उतरलेला होता.

मग रोज दुपारी तेच. डबा उघडा पडलेला आणि अश्विनचे डोळे फोनवर. एकदा त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "हे पाय. प्रोसेसर जोरात चालूच आहे, पण बोर्डाचं तापमान एकदम उतरलं. याचा अर्थ समजला?"

मला नाही समजला.

"कोणीतरी मशीनची बाजू उघडून हवा दिली. हे जाणणारा माणूस आहे."

जाणणारा म्हणजे अनुपम. घर त्याच्या पायाखालचं, दोनदा येऊन गेलेला. अश्विननं लगेच त्याला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला लावला, तरी बंद. मी म्हटलं, माणूस जेवत असेल. अश्विननं पुन्हा नंबर लावला. त्या आठवड्यात तो माझ्याशीही जपून बोलू लागला. मी वहिनींची बाजू घेतो याचाही त्याला संशय आला असावा.

शेवटी एका दुपारी त्यानं अर्धी सुट्टी टाकली. आकडे वर चढताना बघितले आणि स्कूटर काढली. ग्वारीघाट रोडवरच्या घरापासून थोडं अलीकडेच स्कूटर बंद करून ती ढकलत नेली. आपल्याच घराचं लॅच त्यानं आवाज न करता उघडलं. परक्या चपला बाहेर नव्हत्या, म्हणजे आत घेतल्या असणार, असं त्याच्या मनात आलं. आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज येत होता.

"दीदी, सामने की खिड़की थोड़ी बड़ी कर दीजिए."

अश्विननं दार ढकललं. खोलीत भावना एकटीच. कानाला काही नाही, समोर पडद्यावर दुमजली घराचं चित्र, आणि आवाज फोनच्या स्पीकरमधून. मशीनची एक बाजू उघडलेली, त्या बाजूसमोर स्टुलावर टेबलफॅन.

"भैयालालजी, मैं बाद में बात करती हूँ," म्हणून तिनं फोन ठेवला.

लग्नाआधी भावना नागपुरात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. हा भैयालाल नरसिंहपूरचा ठेकेदार. बांधायच्या घराची चित्रं ती त्याला करून देत होती. अशी हुबेहूब चित्रं तयार होताना मशीनला जोर लागतो.

"खोटं काहून बोलली?" अश्विननं विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर बसू दिलं असतं काय? पुसायला कपडा लावला तरी तुम्ही ओरडता."

"आणि ही बाजू कोणी उघडली?"

"मीच. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा लाल झाला की काम अडकते. पंखा लावला की सुटते." मग ती थांबली. "पण तुम्ही आज काहून आले?"

हातातला फोन अश्विननं खिशात घालायच्या आतच तिनं बघितला. त्यावर तिच्या पडद्यावरचेच आकडे होते.

"तुम्ही माझ्यावर नजर ठेवून राहिले होते?"

"तुझ्यावर नाही. मदरबोर्डवर."

"मग 'दुपारी काय केलं', हे मदरबोर्डला विचारायचं होतं."

ती रडली नाही, भांडलीही नाही. उघडी बाजू तिनं नीट बसवली, फॅन उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. कोण आलं असेल असं वाटलं होतं, हे तिनं त्याला विचारलं नाही. त्यालाही ते सांगायची हिंमत झाली नाही. मला मात्र म्हणाला, "तिला समजलं, यार. तिला सगळं समजलं."

त्यानं फोनवरची ती सोय तिच्यासमोर काढून टाकली. "दुसरीकडे कुठे ठेवली असेल," एवढंच ती म्हणाली. पुढच्या महिन्यात तिनं स्वतःच्या कमाईतून जुनं मशीन घेतलं, तेही अनुपमकडूनच, आणि समोरच्या खोलीत ठेवलं. अश्विनचं ओव्हरक्लॉकिंग चालू आहे, पण ऑफिसात तो आता फोन पालथा घालून ठेवतो.

मागच्या आठवड्यात तिचं मशीन अडलं. तिनं त्यालाच हाक मारली. कुठली फाईल उघडतो, माऊस कुठे नेतो, हे बघत ती पूर्ण वेळ त्याच्या मागे उभी राहिली. काम झालं तेव्हा म्हणाली, "चलो, झालं. आता उठा." तो दाराबाहेर पडला आणि मागे की-बोर्डचा आवाज आला. ती पासवर्ड बदलत होती.