शाबासकीचा खर्रा

नागपूरबाहेरच्यांना आधी सांगून टाकतो. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर बराच वेळ घोटलेला ऐवज. आमच्याकडे तो एकट्यानं खायची रीत नाही. पन्नी उघडली की आजूबाजूचे हात पुढं येतात आणि नाही म्हणणारा शिष्ट ठरतो. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथ विभागाचा फोरमन. अठ्ठावीस वर्षं खर्रा खाल्ला आणि त्याहून जास्त वाटला.

तोंडानं कौतुक करणं मला कधी जमलं नाही. कुणी चुकला की त्याच्या सात पिढ्या उद्धरायचो, पण काम चोख झालं की मुकाट्यानं पन्नी पुढं करायचो. माझ्या विभागात तीच शाबासकी. आयटीआय करून एकोणीस वर्षांचा एक जण माझ्या हाताखाली आला. बाप नव्हता, आई लोकांकडे पोळ्या करायची. शांत, नेमका, मापाच्या बाबतीत माझ्याहून कडक. त्यानं लेथवर कापलेला लोखंडाचा अवघड जॉब पहिल्याच खेपेला मापात बसला, त्या दिवशी मी पन्नी पुढं केली.

"मी खात नाही भाऊ," तो म्हणाला.

"घे ना बे, फोरमन देऊन राहिला!" शेजारच्या लेथवरचा ओरडला.

त्यानं घेतला. ठसका लागला, सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

चार वर्षांत तो माझा उजवा हात झाला. गेटसमोरच्या ठेल्यावर आम्ही पोहे खायचो. गेल्या वर्षी त्यानं त्यावरचा तिखटजाळ रस्सा, म्हणजे तर्री, सोडली. कोरडे पोहे, तेही हळूहळू चावत. मला चेष्टेला विषयच मिळाला.

"नागपूरचा होऊन तर्री सोसत नाही? सासरी जाऊन काय दूधभात खाशीन?"

"तोंड जळते भाऊ," तो म्हणाला. मी त्याच्या वाटची तर्रीही माझ्या पोह्यांवर ओतून घेतली.

त्याच सुमारास मालकांनी पंचविशीच्या आतल्या कामगारांची तपासणी ठेवली. रक्त, डोळे, दात, सगळं. जुने लोक भडकले. त्यांच्या वतीनं मी केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "म्हातारे काय गोठ्यात बांधायचे?" मालक शांतपणे म्हणाले, "तुमचीही करू. पण आधी ही मुलं. तुम्ही चार-चार वर्षं राबून एक कारागीर तयार करता, अन् तो पस्तिशीत अंथरुणाला खिळला तर कुणाचं भलं झालं?" मला ते पटलं नव्हतं. पुटपुटतच बाहेर आलो.

तपासणी कॅन्टीनमध्ये होती. दातांच्या डॉक्टर तरुण होत्या. प्रत्येकाला तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगत. सगळ्यांना तो खेळ वाटला, खिदळणं चाललं होतं, आणि शिस्तीसाठी मी रांगेपाशी उभा होतो. त्याची पाळी आली. तीन बोटं गेली नाहीत. दोनही नाहीत. एकच बोट गेलं, दुसरं दातांवर अडलं.

डॉक्टरांनी गालाला आतून बोट लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आतली कातडी पांढरी पडून घट्ट झाली होती. "तिखट झोंबतं का?" त्यांनी विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. सुपारी-तंबाखू आजपासून पूर्ण बंद, रोज तोंडाचा व्यायाम, औषधं आणि दर महिन्याला तपासणी, असं त्यांनी सांगितलं. नाहीतर घास जाणंही कठीण होईल, पुढं कॅन्सरचं भय. मग फॉर्म भरताना विचारलं, "सवय कुणी लावली?"

मी चार पावलांवर उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दोस्तांनी," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. आपला देश तरुणांचा, एवढे कोटी हात, असं भाषणांतून ऐकत आलो. हात मोजणारे पुष्कळ. मीसुद्धा चार वर्षं त्याच्या हाताकडेच पाहिलं. लेथमधून जरा आवाज आला तर मी काम थांबवणारा माणूस, आणि हा पोरगा समोर बसून सांगत होता की तोंड जळतं. मी खर्रा सोडला असं छातीठोक सांगवत नाही. दोनदा सोडला, दोनदा धरला. वाटणं मात्र त्याच दिवशी बंद झालं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो आईला सांगणार नाही हे मला माहीत होतं. माउलीनं "जयभीम साहेब" म्हणत खुर्ची दिली आणि त्याला चहासाठी दूध आणायला पिटाळलं. तो गेल्यावर मी सगळं सांगितलं. पहिला खर्रा माझ्याच हातचा, हेही.

ती पदराला हात पुसत समोर बसली. मग म्हणाली, "माहीत होतं मले. कपडे धुताना खिशात पन्न्या सापडत. मी रागावली तं म्हणे, फोरमन भाऊ देते. मंग मी काही बोलली नाही. एवढा मोठा माणूस आपल्या हातानं देऊन राहिला, तं वाईट कसं असन जी?"

"आता तरी रागवा," मी म्हणालो. "मला बोला."

ती रागावली नाही. "त्याचं तोंड पहिल्यासारखं कधी उघडन जी?" एवढंच तिनं विचारलं.

झालं ते पूर्ण सुटत नाही, आहे तेवढं राखायचं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तेही तिला मलाच सांगावं लागलं.