काचेत लावलेला आमचा फोटो

मंडळी, आज जे झालं ते लिहिते.

सुमन आणि मी आंबवड्यात एकवीस वर्षं एका घरात राहतो. लोक तिला माझी मैत्रीण समजतात. ती माझी जोडीदार आहे.

गेल्या आठवड्यात कॅमेरा टायमरवर लावून मी आमच्या उंबऱ्यावरचा फोटो काढला. तिचं डोकं माझ्या खांद्यावर. मोठा करायला भोरच्या स्टुडिओत दिला.

आज आणायला गेले, तर फोटो दर्शनी काचेत! दोन्ही बाजूंना नवरा-नवरींचे फोटो.

"न विचारता कसा लावलात?" मी स्टुडिओवाल्याला दरडावलं.

"चांगला आला की आमी लावतोच, बाई. काढू का?"

तेवढ्यात आमच्या गावची भाजीवाली काचेपाशी थांबली. "बाई, तुमीच की! अन् सुमनताई. घरीच काढलाय व्हय?"

"घरीच," मी म्हणाले. आणि त्याला सांगितलं, "राहू द्या."

घरी आल्यावर सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारायचंस की गं." मग म्हणाली, "उद्या दोघी जाऊन बघू."

ही पोस्ट तिने वाचली आहे. दार वाजलं तरी मी दचकतेय.

भोरकरांनो, उद्या त्या काचेसमोर आम्ही दोघी दिसलो, तर ओळख द्याल ना?