सासरी रवाना

देशाचं नाव मी लिहिणार नाही. माझी फाईल अजून त्यांच्याकडे आहे आणि मी त्यांना घाबरते. आमच्या घरात 'तिकडे' म्हटलं की सगळ्यांना कळतं, तेवढं पुरे.

तिकडे माझा नवरा असतो. लग्न झालं, थोडे दिवस राहून तो नोकरीवर परत गेला. बायकोला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज त्याने केला आणि तो अर्ज तिकडच्या कुठल्या तरी कचेरीत जाऊन बसला. वर्ष सरलं तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी आम्ही ठरवलं, उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर मी पर्यटक व्हिसावर जाऊन त्याला भेटून यायचं. हे चालतं. अर्ज पडून असतानाही नवऱ्याला भेटायला जाता येतं, फक्त आपण ठरल्या दिवशी परत जाणार आहोत हे विमानतळावरच्या माणसाला पटलं पाहिजे. त्यासाठी माझ्याकडे परतीचं तिकीट होतं आणि ऑफिसने मंजूर केलेली रजा होती. मी निर्धास्त होते.

विमानतळावरच्या माणसाचं सोडा, मी परत येणार हे आमच्या आईलाच पटत नव्हतं. माझं सासर ठाकूरद्वारला, पण तिथे एका खोलीत सासू-सासरे, दीर, जाऊ आणि त्यांची दोन पोरं. नवरा इथे नाही, ऑफिस परळला, म्हणून मी लग्नानंतरही परळच्या आमच्या चाळीत आईकडेच राहत होते. ह्याचा तिला मनातून त्रास होता. लग्न नोंदणीचं झालेलं, तिथून सगळे जेवायला गेलो आणि रात्री आपापल्या घरी. मुलीची रीतसर पाठवणी राहून गेली, हे तिचं दुखणं होतं.

"मी महिनाभराने येतेय," मी सांगत होते.

"तुझी पाठवणी खंय झाली?" आई म्हणाली. "आता गप पाटार बस."

मी पाटावर बसले. सगळा मजला गोळा झाला. ओटी भरली, शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला, तो बघून आईने लावला, मग मलाही रडू आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. नव्या साडीत मी जिना उतरले तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोकही दारात उभे होते. टॅक्सी सुटली आणि आईने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आज लेक सासरी रवाना झाली. आता ती तिकडचीच. सर्वांनी आशीर्वाद द्यावेत.'

आई लिहिते तेव्हा मालवणी सोडून एकदम पुस्तकी होते. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. दिवसभरात तिचं सगळं सुख त्या ग्रुपवर असतं. सकाळी फुलांचं सुप्रभात, मग कोणाच्या वाढदिवसाला चार ओळी, कोणी आजारी असेल तर देवाची प्रार्थना.

तिकडे उतरले तेव्हा खिडकीमागचा अधिकारी चांगला हसतमुख होता. किती दिवस राहणार, कुठे राहणार, सगळं मी न अडखळता सांगितलं. लग्न खरंच झालंय ना ते बघायला त्याने फोन मागितला. मी आनंदाने दिला. आमचे दोघांचे फोटो आणि रोजच्या गप्पा बघून ह्याची खात्री पटेल, असा माझा हिशेब. पण फोन उघडला तर सगळ्यात वर नातेवाइकांचा ग्रुप. आशीर्वाद अजून येतच होते. कोणी नारळाचं चित्र पाठवलं होतं, कोणी हात जोडले होते, आणि माझ्या मावशीने चेष्टेत लिहिलं होतं, 'आता लवकर परत यायचं नाही हां!'

त्याने दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्या मराठीवर धरला. मराठीचं इंग्रजी होताना मी समोर उभी राहून बघितलं. मुलगी नवऱ्याच्या घरी राहायला निघाली. आता ती तिथलीच आहे. लवकर परत येऊ नकोस.



मी समजावायला लागले. आमच्याकडे मुलगी दोन दिवसांसाठी गेली तरी सासरीच जाते, पन्नास वर्षं तिथे राहिली तरी माहेरी यायची थांबत नाही, 'तिकडची' म्हणजे मनाने तिकडची, मावशीने गंमत केलीय. इंग्रजीत हे सगळं इतकं खोटं वाटत होतं की माझं मलाच पटेना. तो ओरडला नाही, रागावला नाही. तुझ्या घरचे एक सांगतायत आणि तू एक सांगतेयस, एवढंच म्हणाला. मला एकदम संताप आला. माझ्या आईचे शब्द माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचे? ज्याला सासर म्हणजे काय ते माहीत नाही, तो ठरवणार मी कशाला आले ते?

मी फक्त परतीचं तिकीट त्याच्यासमोर सरकवलं.

मग नवऱ्याला फोन करू दिला. तो त्याच इमारतीत होता, बाहेरच्या दारापाशी, फुलं घेऊन. "मी इथेच आहे गं," तो म्हणत होता, "अगदी इथेच." मध्ये दोन-चार भिंती असतील. मला त्याचा चेहरासुद्धा बघू दिला नाही. स्वतःहून परत जाते असं लिहून दे, म्हणजे पुढच्या अर्जाला त्रास कमी होईल, असं मला सांगण्यात आलं. मी लिहून दिलं आणि पुढच्या विमानात बसले. सबंध प्रवासात मी रडले नाही. हे माझ्याबाबतीत घडलंय यावरच विश्वास बसत नव्हता.

परळला टॅक्सीतून उतरले तेव्हा भर दुपार होती. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारच्या काकूंनी मला बघितलं आणि त्यांच्या हातातली चादर तशीच राहिली. "अगं, तू इथे कशी?"

"परत पाठवलं," मी म्हणाले. जे झालं होतं तेच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ते चाळभर झालं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न झालेल्या मुलीला परत पाठवलं, याचा आमच्या चाळीत एकच अर्थ होतो. तिथे सरकार नसतं, व्हिसा नसतो. तिथे नवरा असतो आणि बहुतेक दुसरी बाई असते. ठाकूरद्वारहून सासूबाईंचा फोन आला, त्यांनी फक्त विचारलं, "जेवलीस का?" आमच्या आईने मात्र दार लावलं, माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "खरा सांग गो. तेनाच परत धाडल्यान मा तुका?"

विमानतळावर बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला. माझ्या आईला हे वाटतंय! दाराजवळ फुलं घेऊन उभा राहिलेला तो माणूस, त्याच्याबद्दल हिला असं वाटतंय! 'नाही' तो म्हणाला नाही, तिकडचं सरकार म्हणालं, असं मी चार वेळा सांगितलं. तिने विचारलं, सरकारला तुझं काय वावडं? तिकीट होतं, रजा होती, मग का? काहीतरी लपवतेस.

लपवत मी होतेच. ती गोष्ट तिला कधीच सांगायची नाही असं विमानातच ठरवलं होतं. पण आता गप्प राहिले असते तर नवरा आयुष्यभरासाठी बदनाम झाला असता. तिची किंवा त्याची, कोणाची तरी मान खाली जाणारच होती. मी रागात होते, मी सांगून टाकलं. तुझा मेसेज त्यांनी वाचला, आई.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "माझ्या लिवण्यान?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा पडला की बोललेलं परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

ती उठली, दार उघडून गॅलरीत गेली. काकू तिथेच होत्या, आणखी दोघीतिघी होत्या. माझी आई चुकूनही स्वतःची चूक कबूल करणारी बाई नाही. कठड्याला धरून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जावयाचो काय एक दोष नाय. माझ्यामुळा परत इली ती. मिया मोबाईलात नको ता लिवलंय."

आत येऊन तिने फोन माझ्या हातात दिला. "माका ह्याच्यातसून काढ," म्हणाली.

मी काढलं नाही. फाईल अजून तिकडेच आहे, उत्तर नाही. ग्रुपवर आई अजून आहे. लोकांचे वाढदिवस येतात, कोणाचं बारसं होतं, मावशी मुद्दाम तिचं नाव घेऊन काहीबाही विचारते. आई सगळं वाचते. लिहीत काही नाही.