वीस फुटांचा खांब

खांबावर सरसर चढतो म्हणून लोकांनी त्याला माकडमामा हे नाव ठेवलं आणि पस्तीस वर्षं ते त्यानं मिरवलं. धंदा छोट्या घरगुती पवनचक्क्या बसवायचा. जिथे विजेची तार पोचत नाही तिथे हा पोचणार, खांब उभा करणार, वर चढून पाती जोडणार आणि वरूनच ओरडणार, "दिवा लावून बघा!"

तीन वर्षांपूर्वी एका खांबाच्या टोकाला त्याला भोवळ आली. खांबाला मिठी मारून, डोळे गच्च मिटून तो अर्धा तास तसाच राहिला. खाली उतरल्यावर म्हणाला, "वर गांधीलमाश्यांचं पोळं होतं." ते गावभर झालं आणि सगळ्यांना पटलं. तेव्हापासून वीस फुटांच्या वर त्याला चढवेना. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही, आणि त्या घरात बायकोला न सांगता मिठाची बरणीसुद्धा हलत नसे.

अशात बाइंडिंगवाल्या ताईंनी बोलावलं. उतारावरच्या शेवटच्या घरात त्या एकट्या राहत आणि पुस्तकं शिवून बांधून देत. ऊन उतरलं की सुईत दोरा ओवता येत नसे. त्यांनी टेबलावर पवनचक्कीची दोन माहितीपत्रकं मांडली, वर पुस्तकं चिकटवायच्या सरसाचं भांडं ठेवलं.

"मामा, नीट सांगा. लहान पाती आणि साठ फुटी खांब, की मोठी पाती आणि वीस फुटी? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

खिडकीतून झाडांची रांग दिसत होती, पंचवीस फूट तरी उंच. वारा झाडांवर आपटून घुसळला जातो, मग बुटक्या खांबावरची चक्की नुसती इकडेतिकडे तोंड फिरवते, वीज देत नाही. हे त्याला पाठ होतं. बुडाशी बिजागरी असलेला खांबही मिळत होता. दोरानं आडवा करायचा, खालीच पाती जोडायची, दोरानं उभा करायचा, चढायचं नावच नाही. पण माकडमामाला बिजागरी कशाला, असं कुणीतरी विचारलंच असतं.

"मोठी पाती घ्या," तो म्हणाला. "वीस फूट पुष्कळ झालं."

दीड वर्ष झालं. दिवा तासभर जळे, मग पिवळा पडून मिटे. तो चारदा जाऊन उगाच वंगण घालून आला. दर खेपेला ताई चहा देत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मामांचा काय दोष? वाराच माझ्यावर रुसलाय." तो चहा पिऊन निघे.

चौथ्या खेपेला त्याच्या पिशवीतलं चक्क्यांचं जुनं पुस्तक ताईंनी ओढून घेतलं. "काय ही दशा! ठेवून जा, शिवून देते."

आठ दिवसांनी तो पुस्तक न्यायला गेला, तर दारात खोकी.

"सुनेकडे चाललेय," ताई म्हणाल्या. "तिच्याकडे दिवे आहेत, माझं टेबल मांडायला जागा नाही. तेव्हा काम बंद. हे घ्या तुमचं पुस्तक."

पुस्तक पिशवीत टाकून तो निघाला असता तर विषय कायमचा मिटला असता. दोन पावलं तो गेलाही. मग मागे वळला.

"ताई, हे वाचलंत का?"

"मी बांधते हो. वाचत बसले तर शिवणार कधी?"

त्यानं पान काढून दिलं. "हे वाचा. मोठ्यानं."

ताईंनी चष्मा लावला. "'तीनशे फुटांच्या आतल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा पाती तीस फूट वर हवीत.'" त्यांनी झाडांकडे पाहिलं, चक्कीकडे पाहिलं. "ही तांबडी रेघ कुणी मारली?"

"मीच. कामाला लागलो तेव्हा."

"मग?"

"मला वर चढायची भीती वाटते."

"आणि त्या गांधीलमाश्या?"

"नव्हत्याच."

"दीड वर्ष मी वाऱ्याला शिव्या घातल्या! सुनेपुढे पदर पसरला! तुमच्या तोंडाला काय कुलूप होतं?"

"होतं."

"चहा बरा आत जात होता!"

नवा बिजागरीचा खांब आपण आणून लावतो, एवढंच तो पुटपुटला.

"आधी ती खोकी सोडा," ताई म्हणाल्या. "आणि बिजागरी कशाला असं कुणी विचारलं, तर खरं सांगायचं. चार माणसांत."

खांब आला त्या दिवशी बायकोही बघायला आली. दोर ताणून माणसं उभी राहिली. त्यातलं कुणीतरी ओरडलंच, "मामा, हे काय? चढा की!"

"मला भीती वाटते," तो म्हणाला. वाऱ्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. बायकोनं पदर खोचला आणि दोर धरला.

साठ फुटांवर पाती एका दिशेला तोंड करून गरगरा फिरू लागली. "लागला!" ताई आतून ओरडल्या. चहाचं मात्र विचारलं नाही. तो अंगणात दोर गुंडाळत बसला, गुंडाळून झाल्यावरही.